गच्चीवरचा रेडिओ आणि डबाभर कनेक्टर

हॅम रेडिओवाल्यांच्या घरात दोन गोष्टी आपोआप वाढतात. एक म्हणजे डब्यातले कनेक्टर आणि दुसरे किस्से! दोन्ही कधी गोळा केले ते आठवत नाही, दोन्ही टाकवत नाहीत, आणि नेमका हवा असतो तो वेळेला हाती लागत नाही. माझ्याकडे कनेक्टरचे तीन डबे आहेत. किस्से मोजलेले नाहीत. एका वर्षातले आठवतायत तेवढे सांगते, मध्ये कोणी बोलू नका.

आधी मंडळी कळली पाहिजेत. मी शैला, राहणार सोमाटणे, माहेर परंदवडी. तळेगावच्या एका कारखान्यात बावीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगवर होते. इतके कनेक्टर या हातांखालून गेलेत की डोळे मिटून सांगेन, कुठली पिन वाकडी आहे. बढाई नाही मारत, खरं आहे म्हणून सांगते. नोकरी संपली, हात शिवशिवायला लागले, म्हणून परीक्षा देऊन हॅमचा परवाना काढला. हौशी माणसांनी सरकारी परवान्यावर चालवायचा वायरलेस, तो हा. मोबाईलचा टॉवर लागत नाही, रिचार्ज लागत नाही. दोन टोकांना रेडिओ, अँटेना आणि परवाना असलेलं माणूस एवढं असलं की झालं.

रविवारी सकाळी माझ्या गच्चीवरच्या खोलीत तिघं जमतात. नाना लोणावळ्याचे, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर. सर पण लोणावळ्याचेच, आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं आणि अजून थांबलेले नाहीत. आणि केतन, तळेगावचा, कॉम्प्युटर कंपनीत. तो मला मावशी म्हणतो. सर म्हणतात शैलाताई. नाना नुसतं ‘शैला’ म्हणून हाक मारतात आणि चहा मागतात.

*

गेल्या दिवाळीनंतर आम्ही विसापूर किल्ल्यावर रेडिओ घेऊन गेलो होतो. वाटेत ताक विकणारी एक पंचविशीतली बाई आमच्याजवळ येऊन उभी राहिली. आम्ही मुंबईशी बोलत होतो, ती ऐकत होती. तासभर हलली नाही. गिऱ्हाईकं ताक न पिता निघून गेली.

शेवटी म्हणाली, “ह्याला रेंज लागत न्हाई?”

सरांनी खडू नसताना पंधरा मिनिटं तास घेतला. तिनं सगळा ऐकून घेतला आणि एकच प्रश्न विचारला. “पाऊस आसला तरी चालतं?”

ही सखू. भाजे गावाच्या वर डोंगरात दहा-बारा घरांची वरची वाडी आहे, तिथली. फोनला रेंज नाही. मागच्या पावसाळ्यात तिच्या सासूला साप चावला. पायवाट वाहून गेलेली. निरोप घेऊन माणूस आडवाटेनं खाली पोचला, तोवर सासू गेली होती. हे सगळं तिनं ताकाचा हंडा कडेवर घेऊन, उभ्या उभ्या सांगितलं.

मग नाना म्हणाले, “वाडीत रेडिओ बसवू.” मी म्हटलं, “पावसाच्या आत.” केतन म्हणाला, “सोपं आहे!”

सोपं आहे हे वाक्य ज्याने उच्चारलं त्याला पुढे वर्षभर ऐकवलंय मी.

*

पहिलं काम म्हणजे, वाडीतून माझ्या गच्चीपर्यंत आवाज पोचतो का ते बघणं. नाना हातात धरायचा छोटा सेट घेऊन वर वाडीत गेले. आम्ही इथे कान लावून बसलो. अर्धा तास गेला, तास गेला. काही नाही!

सरांनी नकाशा काढला, डोंगराची उंची मोजली आणि निकाल दिला. “मध्ये डोंगराची सोंड येते. शक्य नाही. प्रकल्प सोडून द्यावा लागेल.” सखूला हे कोण सांगणार, यावर आमचं भांडण झालं.

संध्याकाळी नाना दमून आले. म्हणाले, “तुम्ही मुद्दाम उत्तर देत नव्हता.” मी त्यांचा सेट हातात घेतला. त्यावर भलताच लांब अँटेना. विचारलं, हा कुठला? तर म्हणे घरच्या वायफायच्या डबीचा! लांब आहे म्हणजे लांब बोलेल, असा हिशोब.

मी अँटेना काढला आणि उजेडात धरला. आता बघा, कनेक्टर म्हटलं की एका बाजूला मधोमध पिन पाहिजे, दुसऱ्या बाजूला ती घुसायला भोक. वायफायवाल्यांनी आटे तसेच ठेवलेत, पण पिन आणि भोकाची अदलाबदल केलीय. त्यामुळे नानांच्या सेटवर अँटेना आटे फिरवून घट्ट बसला, पण आत दोन्हीकडे भोकच! पिन कुणाकडेच नाही. पुढच्या महिन्यापर्यंत फिरवत बसले असते तरी टेकले नसते.

“अहो नाना, तुम्ही दिवसभर अँटेनाशिवाय ओरडत होता!”

नाना सेट उलटा-सुलटा करून बघत म्हणाले, “पण शैला, बसला किती छान होता!”

पुढच्या रविवारी खरा अँटेना लावून गेले. वाडीतून आवाज असा आला की शेजारच्या खोलीत बसल्यासारखा. सरांनी नकाशा गुंडाळून ठेवला, त्यावर चर्चा नको म्हणाले.

*

वाडीसाठी सरांनी स्वतःचा जुना रेडिओ दिला. मोठ्या मनाचा माणूस, यात वाद नाही. पण रेडिओ एका पद्धतीचा, केबल दुसऱ्या पद्धतीची, अँटेना तिसऱ्या. सरांचं म्हणणं, केबल कापायची नाही, अ‍ॅडाप्टर लावायचे. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे पाच! रेडिओच्या मागे आगगाडीच जोडली. शेवटच्या डब्याला केबल लोंबतेय.

सर समजावून सांगत होते. “प्रत्येकात तोटा अगदी नगण्य असतो, शैलाताई...”

तेवढ्यात टक्क्! वजनाने रेडिओचं सॉकेटच मागून उखडलं आणि आगगाडी माझ्या फरशीवर.

सखू त्या दिवशी पहिल्यांदा सोमाटण्याला आली होती. तिनं पाचही अ‍ॅडाप्टर उचलले, ओळीने मांडले आणि म्हणाली, “सर, येवढी पाव्हणे मंडळी मधी कशाला बसवलीत? सरळ सोयरीक करा की.”

मी कात्री घेतली. सरांनी तोंड फिरवलं. केबल कापली, योग्य तो कनेक्टर सोल्डर करून लावला, नवीन सॉकेट बसवलं. वीस मिनिटांचं काम. सरांना चहा पाजून शुद्धीवर आणायला मात्र तास गेला.

*

केतन मागे कसा राहील? वाडीत वीज येते-जाते, म्हणून सोलरवर चार्ज होणारी बॅटरी ठरली. तिची वायर केतनने केली. स्विच टाकला, फ्यूज उडाला. कुठल्याही शहाण्या माणसाला कळतं की फ्यूज काहीतरी सांगतोय. केतनला वाटलं, फ्यूजच खराब! दुसरा नव्हता, तर या पठ्ठ्यानं नानांनी आणलेल्या चिक्कीच्या पुड्याचा चंदेरी कागद गुंडाळून त्या जागी घातला.

मी तेव्हा खाली वरणाला फोडणी देत होते. वरून नानांची हाक आली, “शैला, चिक्की करपली गं!”

धावत गेले तर खोलीभर धूर. मी केतनला विचारलं, “वायरी उलट्या जोडल्यास, लाल-काळं बघितलं नव्हतंस का रे?”

“बघणार कसं मावशी? दोन्ही वायरी काळ्याच होत्या!”

रेडिओतला एक भाग जळला, बाकीचे वाचले. जळालेला मी बदलला. त्या दिवशी मात्र मी पाय आपटून कायदा केला. मंडळींच्या प्रत्येक बॅटरीला, प्रत्येक रेडिओला एकाच प्रकारचा कनेक्टर, जो उलटा घालायला गेलात तर जातच नाही. सगळ्यांचे जुने प्लग मी एकाच बैठकीत छाटले. केतन म्हणाला, “मावशी, ही हुकूमशाही आहे.” मी म्हटलं, व्हय!

*

आमच्यात नवीन माणूस आलं की पिशवीची परीक्षा असते. कापडी पिशवीत वीसेक कनेक्टर. पिशवीत हात घालायचा, बघायचं नाही, नुसतं चाचपून नाव सांगायचं. कारण पावसात, अंधारात, रेडिओच्या पाठीमागे हात घालून लावायची वेळ येते तेव्हा डोळे कामाला येत नाहीत. आजपर्यंत वीसपैकी वीस फक्त माझे आलेत. सरांचे चौदा. नाना आपले किती आले ते सांगत नाहीत.

सखू बसली. पदरानं हात पुसला, पिशवीत घातला. “हा आटेवाला जाडा, अँटेनाचा. हा दाबून फिरवायचा. हा पिनवाला बारका. हा तुमचा हुकूमशाहीवाला.” एकेक काढत गेली. सतरा बरोबर आले, अठरा आले. एकोणिसाव्याला थांबली. चाचपतेय, चाचपतेय. नाना मिशीत हसायला लागले.

“हे कनेक्टर न्हाई,” सखू म्हणाली.

“मग काय आहे?”

“नानांच्या चष्म्याची काडी हाय. मोडलेली.”

नाना ती आठ दिवस शोधत होते!

*

अँटेना बसवायला आम्ही सगळे वाडीत गेलो. बांबू उभा केला, वर अँटेना, खाली केबल सरळ ताणून भिंतीच्या भोकातून आत. सरांनी ओळंबा लावून बघितला. “केबल जितकी सरळ तितकी चांगली.”

सखूचे सासरे, सगळी वाडी त्यांना आबा म्हणते, ओट्यावर बसून बघत होते. आम्ही हात धुवायला लागलो तेव्हा म्हणाले, “काम झालं का?”

“झालं आबा.”

“मंग आता पाणी आत कुटनं जाईल त्ये बी सांगून ठिवा. भांडं लावतो.”

सर म्हणाले, “पाणी कसं जाईल? भोक बुजवलंय.”

आबा उठले. केबल भोकाच्या बाहेर थोडी सैल करून तिला खाली झोळ दिला, मग वर घेऊन आत घातली. “वायरीवरनं पाणी वघळत यील, हितं झोळात यिऊन खाली टपकंल. वर चढून आत जायला त्ये काय येडं हाय व्हय? आमी छपराला बी असंच करतो.”

पुस्तकात या झोळाला इंग्रजी नाव आहे. सरांना ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि भाकरी खायला बसलो.

*

रेडिओ बसला, पण परवाना असल्याशिवाय सखूला त्यावर बोलता येणार नाही. नियम म्हणजे नियम. दहावी झाल्यावर लग्न झालं आणि वह्या बंद, तरी पोरीनं हिंमत केली. दर रविवारी ताकाचा धंदा सोडून सोमाटण्याला यायची. चार महिने आम्ही चौघांनी जीव तोडून शिकवलं.

परीक्षा झाली. निकाल आला. नापास!

मला रात्रभर झोप नाही. तिच्या सासूचं मला सारखं आठवत होतं आणि पावसाला फक्त दोन महिने राहिले होते. रविवारी ती आली ती हसतच.

“मावशी, कनेक्टरचा प्रश्न आलता! बरोबर लिवला!”

“एकच?”

“येकच. बाकी समदे नियम नि कायदे. त्ये आपण कवा केलंच न्हाई.”

आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. चार महिने! चौघांनी आपापल्या आवडीचं शिकवलं होतं. नियमांचं पुस्तक सरांनी टेबलाचा पाय डगमगतो म्हणून खाली घातलेलं, ते तिथेच होतं. ते काढलं. टेबल अजून डगमगतंय, पण दुसऱ्या खेपेला सखू पास झाली. परवाना हातात पडला तेव्हा पाऊस सुरू होऊन आठवडा झाला होता.

*

आता शेवटचा. हा नाना सांगायला लागले की मी उठून जाते, म्हणून मीच सांगते.

श्रावण लागायच्या आधीची गोष्ट. चार दिवस पाऊस धरून होता. सर आणि नाना माझ्याकडे येऊन अडकलेले, केतन सुट्टी घेऊन आलेला. सकाळी दहाला रेडिओवर सखूचा आवाज आला. “मावशी, वरच्या वाडीवरनं सखू बोलतीय. माझ्या जावंला कळा सुरू झाल्यात. पायवाट गेलीय. खाली कुटनं न्यायचं सांगा.”

मी उत्तर दिलं. तिनं परत विचारलं. मी परत उत्तर दिलं, ओरडून दिलं.

“मावशी, हाय का? आवाज येत न्हाई.”

तिचं आम्हाला स्वच्छ ऐकू येत होतं, आमचं तिला नाही! दुसरा सेट लावावा तर केतनचा हातातला माझ्याच टेबलावर उघडून पडलेला, सरांचा घरी. नानांचा तेवढा होता, पण त्याची बॅटरी संपलेली आणि चार्जर लोणावळ्याला. मी हातात सापडेल ते नानांना फेकून मारणार होते.

तेवढ्यात सखू म्हणाली, “मावशी, तुमी बटण दाबलं की हितली खरखर थांबती. म्हंजी तुमी हाय. आता आसं करा. येकदा दाबलं तर व्हय. दोनदा दाबलं तर न्हाई. कळलं?”

माझ्या रेडिओला बोलायचं बटण पायाखाली आहे. शिलाई मशीनच्या पेडलचं केतनने करून दिलंय, त्याची वायर मागे वेगळ्या सॉकेटात जाते. मी पेडल एकदा दाबलं.

“बेस! गाडीला फोन केला का?”

केतन फोनवर होताच. एकदा दाबलं.

“भाज्याच्या बाजूनं उतरवू?”

नानांनी भाज्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. ओढ्यावरचा साकव पाण्याखाली! मी दोनदा दाबलं. चुकून तिसऱ्यांदा दाबलं जायचं भ्या वाटत होतं.

“मंग लोहगडच्या बाजूनं, गाडीरस्त्याला?”

तिकडचा रस्ता चालू असल्याचं कळलं. एकदा.

“झोळी करून निघत्यात. चौघं जण. मी हितंच ऱ्हाते.”

मग सुरू झाली शोधाशोध. सर मीटर घेऊन एकेक तार तपासायला लागले. केतनने रेडिओचा सगळा मेनू उलटापालटा केला. नाना पावसात गच्चीवर जाऊन अँटेना हलवून आले. सरांचा हात एकदा माईककडे गेला.

मी कडाडले, “त्याला हात लावायचा नाही! झाडलोट करताना काढला होता, मी स्वतः परत लावलाय!”

सरांनी हात मागे घेतला. बावीस वर्षांच्या अनुभवापुढे कोण बोलणार?

पाच तास गेले. सखू दर थोड्या वेळाने विचारायची, गाडी आली? मी दोनदा दाबायचे. मग एकदा दाबलं. झोळी पोचली? एकदा. दवाखान्यात नेलं? एकदा. मध्ये तास-दीड तास नुसती खरखर.

तीन वाजता दवाखान्यातून केतनला फोन आला. फोन ठेवून तो नुसताच हसत उभा राहिला, तेव्हा कळलं.

“मावशी?” सखूचा आवाज एकदम बारीक झाला होता. “बाळ झालं?”

एकदा.

“जाऊ बरी हाय?”

एकदा.

“पोरगा?”

दोनदा.

पलीकडे हसण्याचा असा आवाज फुटला की स्पीकर थरथरला. मागे वाडीची बायामाणसं ओरडतायत, आबांचा आवाज ऐकू येतोय, “पोरगी! पोरगी झाली!” इकडे सर चष्मा पुसतायत आणि नाना उघड उघड रडतायत. मीही रडले, लपवायचं काय त्यात?

सगळं शांत झालं. सखू परत आली.

“मावशी, येक इचारू? रागवायचं न्हाई.”

एकदा.

“तुमी माईक लावल्याव त्याच्या प्लगची रिंग फिरवून घट्ट केलती का?”

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी खाली वाकून माईकच्या प्लगला बोट लावलं, तो डुलला.

मग पेडल दोनदा दाबलं.